आधी बैल, मग गोठा

प्रस्तावना

पहिला गोठा मी पुठ्ठ्याचा केला, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. भिंती शाडूने लिंपल्या होत्या, वर खरं वाळलेलं गवत शाकारलं होतं, दाराशी मातीची बैलजोडी होती. दिवाळीत गावी घेऊन गेलो आणि ओसरीवर ठेवला. पोरांनी गलका केला, बायकांनी कौतुक केलं. आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, सगळ्यांत शेवटी आले. सारा जन्म जनावरांत गेलेला माणूस. त्यांनी गोठ्याला हात लावला नाही. गुडघ्यांवर हात टेकून, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "झ्याक झालाय. पण मूत कुठनं जायचं?"

मी आतली जमीन सपाट केली होती. मोरी नव्हती, उतार नव्हता. मला उत्तर देता येईना. तोवर त्यांचा दुसरा प्रश्न आला, "आन् गव्हाण एवढी उंच कशी? बैलानं मान वर करून खायाचं व्हय?"

हे पुस्तक त्या दोन प्रश्नांतून उगवलं आहे. शेतावरची इमारत लहान आकारात करायची तर भिंतीपासून सुरुवात करून भागत नाही. आधी बैल करायचा, त्याच्या तोंडाच्या उंचीला गव्हाण बांधायची, गव्हाणीपासून मागे त्याच्या अंगाची लांबी मोजायची, तिथून मोरीकडे उतार काढायचा आणि या सगळ्यावर पाऊस पडू नये म्हणून शेवटी छप्पर घालायचं. खरा गोठाही याच क्रमाने सुचलेला असतो. शहरातलं घर दर्शनी बाजूने पाहिलं जातं. शेतावरच्या इमारतीला दर्शनी बाजू नसते, तिला काम असतं. ते काम कळलं की इमारत आपोआप खरी दिसू लागते आणि ते चुकलं तर रंग कितीही उत्तम असो, जाणता माणूस वाकून बघतो आणि प्रश्न विचारतो.

या छंदाला जगभर 'डायोरामा' हे नाव आहे. तो शब्द पॅरिसचा. १८२२ साली लुई दागेर आणि त्याच्या सहकाऱ्याने तिथे 'डायोरामा' नावाचं प्रेक्षागृह उघडलं, त्यात प्रचंड चित्रांवर प्रकाश बदलून सकाळची संध्याकाळ करून दाखवत. पुढे संग्रहालयांतल्या त्रिमित दृश्यांना तो शब्द चिकटला. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आधीपासून वापरात आहे: देखावा. गणपतीपुढे, गौरीपुढे करतात तो. या पुस्तकात मी तोच वापरला आहे.

शेतावरच्या इमारती लहान करून ठेवण्याची माणसाची सवय मात्र दागेरपेक्षा फार जुनी आहे आणि तिची सुरुवात खेळण्यांत झालेली नाही. ती झाली थडग्यांत. १९२० साली इजिप्तमध्ये थीब्जजवळ हर्बर्ट विनलॉक यांच्या पथकाला मेकेत्रे नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक बंद कोठडी सापडली. आत लाकडाच्या चोवीस प्रतिकृती होत्या. चार हजार वर्षं त्यांना कुणाचा हात लागला नव्हता. त्यांत नावा आहेत, सुतारशाळा आहे, विणकरांचं घर आहे. पण माझं मन अडकतं ते धान्याच्या कोठारापाशी आणि गुरांच्या गोठ्यापाशी. कोठारात मजूर पोती वाहून आणतात, जिन्याने वर चढतात आणि कोठ्यांत धान्य ओततात. प्रवेशापाशी कारकून बसून नोंद करत आहेत. गोठ्यात जनावरं गव्हाणीत खाताहेत आणि एक माणूस जनावराला हाताने भरवतो आहे. मेलेल्या माणसाला पुढच्या आयुष्यात भाकरी आणि मांस कमी पडू नये, एवढ्यासाठी हे सगळं केलेलं. करणाऱ्याने इमारतीचं सौंदर्य दाखवलेलं नाही, तिचं चालणं दाखवलं आहे. धान्य वरून जातं, मोजलं जातं, साठतं. यातल्या निम्म्या प्रतिकृती आज कैरोत आहेत आणि निम्म्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात.

चीनमध्ये हान राजवटीत, म्हणजे इसवी सनाच्या मागच्या-पुढच्या दोन-दोन शतकांत, थडग्यांत मातीची कोठारं, विहिरी, चुली ठेवत. कित्येकांवर हिरवी झिलई आहे. त्यांत डुकरांचा एक वाडगा वारंवार दिसतो, त्याच्या कडेला उंचावर शौचकूप आणि खाली डुकरं. आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या कुंभाराने दोन हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं होतं. कुठून काय खाली जातं, हे त्याला ठाऊक होतं आणि ते दाखवायची लाज वाटत नव्हती.

आपल्या मातीतही ही सवय आहे. आमचा गाव घोड नदीच्या खोऱ्यात. त्याच नदीवर इनामगाव आहे, शिरूर तालुक्यात. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी दीर्घ काळ उत्खननं केली. एका घराच्या जमिनीखाली मातीचं झाकणाचं पात्र निघालं, त्याच्याबरोबर बैलाची मूर्ती आणि डोकं नसलेली स्त्रीमूर्ती. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बैल लहान करून जपून ठेवला होता. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली काशाचा रथ सापडला, त्यालाही बैलजोडीच जुंपलेली. इनामगावात धान्यकोठाराच्या आणि कणग्यांच्या खुणा मिळाल्या, झोपड्या गोल होत्या की चौकोनी तेही कळलं, आणि यातलं पुष्कळसं कळलं ते खांबांच्या खड्ड्यांवरून. भिंती गेल्या, छपरं गेली. खांब रोवताना खणलेले खड्डे राहिले. प्रतिकृती करणाऱ्याला यात एक मोठा धडा आहे. इमारतीचा आराखडा हवा असेल तर आधी खांबांच्या जागा मोजा.

मध्ययुगातून पुढे येताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जगात आजवर सगळ्यांत जास्त वेळा लहान करून बांधलेली शेतावरची इमारत कोणती? नाताळचा गोठा. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी जिवंत जनावरं आणून येशूजन्माचा देखावा मांडला आणि तिथून ही प्रथा घरोघर पसरली. अठराव्या शतकात नेपल्सच्या कारागिरांनी तिला टोकाला नेलं. बुचाच्या सालीचे खडक, पडक्या भिंती, बाजार, खानावळी, आणि मध्ये तो गोठा. सान ग्रेगोरियो आर्मेनो ही तिथली गल्ली आजही याच कामावर जगते. गोव्यात डिसेंबरात फिरलात तर घरासमोर, चर्चच्या आवारात, वाड्यावाड्यावर पेंढ्याचं छप्पर घातलेले असे गोठे दिसतात. त्यांना म्हणतातही 'गोठो'. तिथली मुलं दर वर्षी छप्पर शाकारतात, दर वर्षी मोडतात, दर वर्षी पुन्हा शिकतात. हातात कला टिकवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

खेळण्यांच्या वाटेने आलेली परंपरा त्यामानाने अलीकडची. इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतले. पहिल्या महायुद्धानंतर लोकांना सैनिक नकोसे झाले, तेव्हा १९२१ साली त्यांनी 'होम फार्म' ही मालिका काढली: गायी, मेंढ्या, कुंपणं, शेतकरी. सैनिकाच्याच मापाचा शेतकरी. तिथून १:३२ हे प्रमाण शेतीच्या खेळण्यांत रुजलं, ते आजतागायत. अमेरिकेत फ्रेड अर्टल यांनी १९४५ साली आयोवातल्या डब्यूक गावी ट्रॅक्टरच्या प्रतिकृती ओतायला घेतल्या. जवळच्या डायर्सव्हिलमध्ये आज शेतीच्या खेळण्यांचं राष्ट्रीय संग्रहालय उभं आहे. या परंपरेत यंत्राला मान आहे. कोठार हे ट्रॅक्टरला मागे उभं राहायला एक पार्श्वभूमी म्हणून येतं. मुलांच्या हाताळण्याला टिकेल अशी भक्कम बांधणी हा तिचा गुण, इमारत सगळीकडे सारखीच असणं हा तिचा दोष.

इमारतीला खरा मान दिला तो रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांनी. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांनी १९३०च्या दशकाअखेरीपासून 'मॅडर व्हॅली' नावाची एक काल्पनिक दरी उभी केली. तोवर छंदी मंडळींचं लक्ष रुळांवर आणि इंजिनांवर असे. अहर्न यांनी ते गावाकडे वळवलं. पुठ्ठा, कागद आणि रंग एवढ्यावर खरी वाटणारी घरं कशी करायची, यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

आणि रॉय इंग्लंड. त्यांच्यापाशी मी थोडा थांबणार आहे, कारण हे पुस्तक त्यांचं ऋणी आहे. ते ऑस्ट्रेलियाचे, १९२५ साली इंग्लंडला आले आणि व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स नावाच्या खोऱ्याच्या प्रेमात पडले. गवती छपरांची घरं, खळ्याची कोठारं, दगडी आवारं. ती त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होती, पाडली जात होती. थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. मोजून ठेवणं हातात होतं. त्यांनी एकेक घर मोजलं, त्याचे रंग टिपले, आणि फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणात पुठ्ठ्यावर जलरंगांनी ते परत उभं केलं. १९५४ साली लाँग विटनम गावी त्यातून पेंडन संग्रहालय सुरू झालं. तिथे एकेका घराला कित्येक महिने लागतात आणि ते काम पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवलं आहे. विशेष म्हणजे हे खोरं १९२० आणि ३०च्या दशकांत जसं होतं तसंच दाखवायचं, हा नियम ते पाळतात. अहर्न यांची मॅडर व्हॅलीही आज तिथेच आहे. या पठडीला मी दप्तरी पठडी म्हणतो, कारण तिच्यात प्रतिकृती हे दप्तर आहे: मोजणीचं, रंगांचं, सवयींचं.

तिच्या समोर उभी आहे ती नाट्याची पठडी. कॅलिफोर्नियातले जॉन ॲलन हे पेशाने छायाचित्रकार. त्यांनी १९७३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, एक अफाट डोंगराळ प्रदेश रचला. खरं माप त्यांना महत्त्वाचं नव्हतं, डोळ्याला काय वाटतं ते होतं. गंज, काजळी, पावसाचे ओघळ, झिजलेल्या फळ्या हे सगळं इतक्या मनापासून करणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते मोडतात. मागची घरं मुद्दाम लहान करून अंतराचा भास ते निर्माण करत. त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच आगीत त्यातलं बहुतेक नष्ट झालं. आज उरली आहेत ती मुख्यतः छायाचित्रं. युद्धाचे देखावे करणारे, विशेषतः अमेरिकेतले शेपर्ड पेन, यांनी हीच रीत रणभूमीवर नेली. त्यामुळे युरोपातल्या शेतघरांच्या प्रतिकृती बघाल तर निम्म्या तरी गोळ्यांनी पडलेल्या दिसतील.

तिसरी पठडी तयार सुट्या भागांची. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख गावी फालर बंधूंनी १९४६ साली कंपनी काढली आणि प्लॅस्टिकचे भाग जोडून घर करण्याची सोय जगभर पोचवली. त्यांच्या भागातलं पारंपरिक शेतघर मोठं विलक्षण असतं. एकाच उतरत्या छपराखाली माणसं, खाली गुरं, वर गवताचा साठा. गुरांची ऊब घराला आणि गवताचा थर थंडीला अडसर. ज्याने ते घर समजून घेतलं त्याला इमारत म्हणजे काय ते कळलं. पण सुट्या भागांची पेटी विकत घेणाऱ्याला हे समजून घ्यायची गरज राहत नाही. तो भाग जोडतो आणि मोकळा होतो. आपल्याकडच्या हौशी मंडळींच्या मांडणीत सह्याद्रीसारखा डोंगर असतो आणि पायथ्याशी ब्लॅक फॉरेस्टचं शेतघर, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पुण्यात जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाने १९९८ पासून या छंदाची गोडी हजारो मुलांना लावली, मलाही लावली. पण खिल्लाराच्या मापाचा गोठा बाजारात मिळत नाही. तो आपणच करायला हवा.

करण्याची हौस मात्र आपल्यात भरपूर आहे. दिवाळीतला किल्ला हा महाराष्ट्रातल्या मुलांचा पहिला देखावा. माती कालवणं, अळीव पेरणं, पायथ्याशी गाव वसवणं हे शिकवायला कुणी लागत नाही. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात. गौरीपुढच्या खेड्याच्या देखाव्यात विहीर असते, चूल असते, जातं असतं. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठा, बांबू, कागद, माती यांच्याकडे मंडळी परत वळली. माझ्या दृष्टीने ही या कलेला मिळालेली मोठी संधी आहे. उणीव एकच. किल्ल्याचा तट आपण बारकाईने करतो आणि खालचा गोठा म्हणून काड्यापेटी ठेवतो.

आपल्या शेतावर करण्याजोगं काय आहे, याची यादी केली तर ती संपत नाही. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांची जोती, पूर्वी नळीची आणि आता मंगलोरी कौलं (त्या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला), अंगणात भाताच्या पेंढ्यांची उडवी. कुडाच्या भिंती कारवीच्या, सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या त्या कारवीच्या. विदर्भात तोच कूड तुऱ्हाट्यांचा आणि पळाट्यांचा, वर कवेलू. देशावर आणि मराठवाड्यात धाब्याची घरं: तुळया, त्यावर काटक्या, पाला आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, पाणी काढायला पन्हळ. सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे इमारत असूनही जमिनीवर काहीच न दिसणारी. कोल्हापूरकडे गुऱ्हाळ, त्याचं चुलवण, काहील, वाळत घातलेलं चिपाड, आणि वाफेला वाट मिळावी म्हणून उंच ठेवलेलं छप्पर.

यातली मोटेची विहीर घेऊ. बहुतेक प्रतिकृतींत तिची धाव आखूड असते. धाव म्हणजे बैल ज्या उतारावरून खाली चालत जातात ती वाट. मोट जितकी वर यायची तितकं अंतर बैलांना चालावं लागतं, कारण नाडा तोच. पाणी ३० फूट खोल असेल तर धावही तेवढी हवीच. उतार यासाठी की बैलांचं स्वतःचं वजन ओढीला मदत करतं. हे एकदा कळलं की १:३२ ला धाव २८-२९ सेंटिमीटर लांब करावीच लागते, मग फळी कितीही अपुरी पडो. किंवा कणगी घ्या. वरून भरायची आणि खालून काढायची. खाली चिंधीचा बोळा घातलेलं भोक नसेल तर ती नुसती टोपली. मेकेत्रेच्या कोठारापासून आमच्या माजघरापर्यंत धान्याची चाल तीच आहे.

आणि जुनं तेवढंच सोनं, असं मी मानत नाही. कांद्याची चाळ ही माझ्या मते आपल्या काळातली सगळ्यांत हुशार शेत-इमारत आहे. जमिनीपासून उचललेली, तळाशी फटी, बाजूंना बांबूच्या पट्ट्या, कांद्याचा थर ५ फुटांपेक्षा उंच नाही आणि रुंदी ४ फुटांच्या आसपास, म्हणजे हवा मधल्या कांद्यापर्यंत पोचते. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दोन पाखी पूर्व-पश्चिम बांधतात, तेही वाऱ्याच्या हिशेबाने. तिच्या प्रतिकृतीत पट्ट्यांमधल्या फटी हाच जीव. फटी बुजल्या की कांदा सडला.

प्रमाणाबद्दल दोन शब्द, कारण नवखा माणूस इथेच अडखळतो. रेल्वेवाल्यांचं १:८७ हे प्रमाण सोयीचं, जागा कमी लागते. पण त्यात साडेचार फुटी बैल १६ मिलिमीटरचा होतो आणि त्याची वेसण डोळ्यांना दिसत नाही. मी १:३२ निवडलं. एक फूट म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर, बैल ४३ मिलिमीटरचा, आणि २० बाय १२ फुटांचा गोठा १९ बाय साडेअकरा सेंटिमीटरचा. पोळपाटावर मावतो. दाव्याची गाठ सुतळीच्या एका धाग्याने मारता येते. सोळा इंची मंगलोरी कौल बरोबर अर्ध्या इंचाचं होतं. पण एक लक्षात ठेवा. प्रमाणाने लांबी लहान होते, संख्या लहान होत नाही. खऱ्या छपरावर आठशे कौलं असतील तर तुमच्या छपरावरही आठशेच लागतील आणि ती एकेक करून बसवावी लागतील. तिसऱ्या संध्याकाळी हात भरून येतात, तेव्हा खऱ्या छपरावर उन्हात बसलेल्या माणसाची आठवण होते.

सामानाचा खेळही असाच उलटा आहे. गवताचं छप्पर करायला खरं गवत घ्यावं, असं वाटतं. मीही तेच केलं होतं. दोन मिलिमीटर जाडीची काडी १:३२ ला ६४ मिलिमीटरची होते, म्हणजे छपरावर वासे पसरल्यासारखं दिसतं. तिथे ताग किंवा काथ्या पिंजून, बोटभर लांबीच्या जुड्या करून, खालून वर, एकावर एक चढवत लावायच्या. भिंतीची मातीही तशीच. शेतातली माती कालवून लावली तर सुकताना तडे जातात आणि ते तडे प्रमाणात हातभर रुंद दिसतात. माती वस्त्रगाळ करून, फेव्हिकॉलच्या पाण्यात मळून, खराट्याच्या हिरांच्या कुडावर बोटाने चोपायची. मग सारवण. बाई सारवते तेव्हा एका जागी बसून हात फिरवते आणि तिच्या हाताच्या पोचेएवढ्या कमानी जमिनीवर उमटतात. ती पोच अडीच फूट धरली तर आपल्याकडे २४ मिलिमीटर. आखूड केसांच्या ब्रशाने तेवढ्याच कमानी, एकीत एक गुंतवत, दारापासून आत नाही तर आतून दाराकडे मागे सरकत काढायच्या. कारण सारवणारी स्वतःच्या ओल्या सारवणावर पाय देत नाही.

पावसाळ्याने माझं पुष्कळ काम खाल्लं आहे. पुठ्ठा वाकतो, एमडीएफ फुगतं, तागावर बुरशी धरते. कणगीत हौसेने खरी ज्वारी घातली होती, तिच्यात पोरकिडे झाले. आता भिंतींचा गाभा मी सनबोर्डचा करतो आणि धान्याच्या जागी चाळलेली वाळू रंगवून घालतो. लेझरने कापलेल्या फळ्या, थ्रीडी प्रिंटरवर छापलेली चाकं आणि कौलं आता आपल्या शहरांतही करून मिळतात. मी ती वापरतो आणि तुम्हीही वापरा. यंत्राला माप द्यावं लागतं मात्र, आणि ते माप कुठून येणार हा प्रश्न उरतोच.

ते घ्यायला आता फार उशीर होत चालला आहे. ट्रॅक्टर आला, बैल गेले, बैलांबरोबर गोठा गेला. वाटण्या झाल्या, वाड्याच्या सहा चौकटी झाल्या. याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. गळक्या धाब्याखाली ज्यांनी पावसाळे काढले त्यांना स्लॅबचं घर मिळालं, याचा आनंदच आहे. राजवाड्यांचे, देवळांचे, किल्ल्यांचे नकाशे आपण जपले. बारा मोटेच्या विहिरीसारखी भव्य वास्तू लोक बघायला जातात. कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयात पूर्ण आकारातलं गाव उभं आहे, तेही जरूर पाहावं. पण तुमच्या आजोळच्या गोठ्याची मापं कुणाकडेच नाहीत. ती तिथे बांधलेल्या जनावरांच्या आणि बांधणाऱ्या माणसांच्या अंगात होती. तेव्हा या छंदाचा पहिला भाग टेबलावर नाही, शेतात आहे. टेप, वही, आणि विचारायला कुणी म्हातारं माणूस.

पुस्तकात मी काही मोजक्याच इमारती घेतल्या आहेत, ज्या मी स्वतः मोजल्या किंवा वापरात पाहिल्या. प्रत्येकीत आधी काम काय चालतं ते येतं, मग माप, मग बांधणी, आणि शेवटी वापराच्या खुणा: गुरांच्या अंगाने गुळगुळीत झालेला खांब, खिळ्यापासून खाली उतरलेला गंज, पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड. लागणारी हत्यारं साधी आहेत: कटर, चिमटा, पोलादी पट्टी, पॉलिश पेपर. शाळेतल्या मुलालाही जमेल अशा एका खोपीपासून सुरुवात आहे. गुऱ्हाळाला मात्र सवड काढावी लागेल. मापं फूट-इंचांत दिली आहेत, कारण गवंडी-सुतार त्याच मापात बोलतात, आणि जिथे शक्य तिथे खणांतही. ज्या इमारती मी बघितल्या नाहीत, त्या घेतल्या नाहीत. खानदेशातल्या आणि सीमाभागातल्या वाचकांनी आपापल्या मोजण्या कराव्यात, ही विनंती.

आमचा गोठा पाडायच्या आदल्या उन्हाळ्यात मी टेप घेऊन गेलो होतो. जमिनीचा उतार १० फुटांत ३ इंच निघाला. माझ्या प्रमाणात तो अडीच मिलिमीटरही भरत नाही, पण खालच्या कडेला ओल गडद होते, म्हणून दिसतो. दावणीतल्या दोन खुंट्यांमधलं अंतर घेताना आण्णांनी टेप बाजूला सारला. ते खाली बसले आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात टेकवत गेले. तीन हात आणि वर चार बोटं. मी विचारलं, चार बोटं कशाला? म्हणाले, "बसला की पाय लांब टाकतो त्यो." वहीत मी ते तसंच लिहून घेतलं, आणि पुस्तकातल्या गोठ्याच्या नकाशावर त्या जागी तीन हात चार बोटं असंच छापलं आहे.